काळी, जड आणि मानी

तिला पहिल्यांदा बघणाऱ्याला ती बिचारी वाटते. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या आजच्या रॅकेटींशेजारी ठेवली तर तिचं तोंड एवढंसं दिसतं. अंग काटकुळं, रंग काळा, त्यावर तांबड्या-पिवळ्या बारीक रेघा. नटण्याची हौस तेवढ्यावरच भागवलेली. मग कोणीतरी ती हातात घेतो आणि मनगट खाली जातं. तारेसकट साडेतीनशे ग्रॅमच्या वर भरते ती. दोनदा हवेत फिरवून माणूस तिला परत जागेवर ठेवतो. निम्म्या लोकांची आणि तिची ओळख इथंच संपते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

विल्सन कंपनीची प्रो स्टाफ ८५. यातले ८५ म्हणजे हेडचं क्षेत्रफळ, चौरस इंचांत. आज नवशिक्याला कोणताही दुकानदार १०० चौरस इंचांची रॅकेट काढून देईल. कसलेल्या खेळाडूच्या किटमध्येही ९८ किंवा १०० च असते. गंमत अशी की ही बाई जन्मली तेव्हा तिला लहान म्हणायची कोणाची छाती नव्हती. लाकडी रॅकेटींचं हेड जेमतेम ६५ ते ७० चौरस इंचांचं असे. हॉवर्ड हेड या अमेरिकन इंजिनिअरने १९७६ साली ११० इंचांची प्रिन्स बाजारात आणली तेव्हा तिची टिंगल झाली, आणि मग ती खपायला लागली. त्या दोन टोकांच्या मधे, १९८४ च्या सुमारास, प्रो स्टाफ आली. तेव्हा तिची गणना ‘मिडसाइझ’मध्ये व्हायची. पुढच्या तीस वर्षांत ती इंचभरही आकसली नाही, आजूबाजूचं जग मात्र फुगत गेलं.

ग्रॅफाइट ८० टक्के आणि केव्हलार २० टक्के, दोन्हींचे धागे वेणीसारखे गुंफून तिचं अंग घडवलं. फ्रेमची जाडी १७-१८ मिलिमीटर. हल्लीच्या पुष्कळ रॅकेटी २३ ते २६ मिलिमीटरच्या असतात. जाड फ्रेम कमी वाकते, चेंडूला जास्त शक्ती परत करते. हिची पातळ फ्रेम तसलं दान करत नाही. हेडच्या दोन्ही कानशिलांवर मात्र एकेक फुगवटा आहे. चेंडू मध्यापासून बाजूला लागला की रॅकेट मुठीत पिळवटते. काठावर वजन जास्त असेल तर ती पिळवटणं जरा आवरतं, म्हणून ते फुगवटे. अरुंद तोंडामुळे आलेली उणीव झाकण्याचा तिने केलेला तेवढाच एक प्रयत्न.

तिच्या पहिल्या बहिणी शिकागोत जन्मल्या. मग विल्सनने कारखाना कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर नेला. किंग्सटाउन म्हटलं की आपल्याला आर्नोस व्हेलचं क्रिकेट मैदान आठवतं. टेनिसवेड्यांना तिथली रॅकेट आठवते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते काम तैवानला आणि पुढे चीनला गेलं. साचा तोच, कागदावर साहित्यही तेच, तरी सेंट व्हिन्सेंटची प्रो स्टाफ म्हटली की संग्राहक अजूनही हातातलं सोडून धावतात. पीट सॅम्प्रासला तर तीच लागायची. हा फरक किती अंगाचा आणि किती श्रद्धेचा, याचा निकाल लावायच्या भानगडीत मी पडणार नाही. सॅम्प्रासला फरक जाणवत होता, आणि त्याच्या हाताशी वाद घालण्याची आपली लायकी नाही.

तिचा स्वभाव कळायला सर्वात आधी हे ध्यानात घ्यावं लागतं की चेंडू आणि तारा यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायची असते. पाचएक सहस्रांश सेकंद. तेवढ्यात तारा दबतात, चेंडू चपटा होतो, फ्रेम मागे वाकते आणि सगळं पूर्ववत होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. हाताला जे जाणवतं ते त्यानंतरचं. चेंडू बरोबर मध्यावर बसला तर प्रो स्टाफ काही बोलतच नाही. तिच्या त्या मौनासाठी माणसं आयुष्यभर झुरली आहेत. आणि दोन बोटं बाजूला लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, चेंडू नेटच्या तळाशी जातो आणि जोडीदार तुमच्याकडे बघतो. १०० इंची रॅकेट असाच फटका सांभाळून घेते. चेंडू थोडा आखूड पडतो, पण पलीकडे पडतो. तुमची चूक झाली होती हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

रॅकेट कोणाला फटके शिकवत नाही. पण ती कोणती चूक पदरात घेते आणि कोणती चव्हाट्यावर मांडते, यावर माणसाचा खेळ हळूहळू बेतला जातो. प्रो स्टाफने जवळजवळ काहीच पदरात घेतलं नाही. म्हणून तिच्याबरोबर वाढलेल्या खेळाडूंमध्ये एक खूण सारखी दिसते: पाय. चेंडूपाशी वेळेवर पोचायचं, बाजूने उभं राहायचं, रॅकेट लवकर मागे न्यायची आणि चेंडूवरून नजर हटवायची नाही, या गोष्टी त्यांनी आवड म्हणून केल्या नाहीत. बाईंनी दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

बदल्यात ती काय द्यायची? स्थैर्य. समोरून ताशी दोनशे किलोमीटरने सर्व्हिस आली तरी तिचं वजन ढळत नसे. नेटपाशी नुसती पुढे धरली तरी व्हॉली खोल जायची. ती जड होती खरी, पण तोल मुठीकडे होता. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला टेनिसमध्ये फार महत्त्व. फिरवताना लागणारा जोर वजन आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढतो. शिशाची तीन ग्रॅमची पट्टी टोकाला चिकटवली तर सर्व्हिस करताना खांद्याला कळते, तीच मुठीत दडवली तर हाताला पत्ताही लागत नाही. प्रो स्टाफचं बरंचसं वजन अशा न कळणाऱ्या जागी होतं. त्यामुळे ज्याला ती पेलत होती त्याला ती नेटपाशी चपळ वाटायची. बाकीच्यांना तिसऱ्या सेटमध्ये खांदा दुखायचा.

ख्रिस एव्हर्ट लाकडी रॅकेट ठेवून तिच्याकडे आली. स्टेफान एडबर्गने तिला घेऊन १९८८ आणि १९९० ची विम्बल्डन जिंकली. त्याच्या बॅकहँड व्हॉलीला जे वळण होतं ते मला तरी दुसऱ्या कोणत्या रॅकेटच्या हातात कल्पनेनेही दिसत नाही. जिम कुरियर नेटकडे फिरकायचाही नाही. बेसलाइनवर उभा राहून बेसबॉलची बॅट चालवावी तसा फोरहँड मारायचा, आणि त्यानेही हिच्याच जोरावर १९९१ आणि १९९२ ची फ्रेंच ओपन नेली. तेव्हा ही फक्त सर्व्ह-अँड-व्हॉलीवाल्यांची, हे म्हणणं अर्धवट आहे. तिला खेळण्याची पद्धत चालायची कोणतीही. चेंडू मध्यावर घेणारा माणूस लागायचा.

सॅम्प्रासने १९९० च्या अमेरिकन ओपनपासून २००२ च्या अमेरिकन ओपनपर्यंत चौदा ग्रँड स्लॅम मिळवली, सगळी हिच्याबरोबर. ती मुळातच जड, त्यावर त्याने फ्रेमला शिशाच्या पट्ट्या लावून घेतल्या, मूठ भरून घेतली, आणि तिचं वजन चारशे ग्रॅमच्या जवळ नेऊन ठेवलं. पण खरा कहर तारांचा.

तारांशिवाय रॅकेट म्हणजे नुसती चौकट. प्रो स्टाफला १६ उभ्या आणि १८ आडव्या तारा. सॅम्प्रास नैसर्गिक गट वापरायचा, तीही बारीक. गट म्हणजे गाईच्या आतड्याचा बाहेरचा पापुद्रा; त्याच्या पट्ट्या पिळून, वाळवून, घासून तार करतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरातली बाबोला ही कंपनी १८७५ पासून हा उद्योग करते आहे. गटचा गुण असा की ती कितीही ताणली तरी तिची लवचीकता मरत नाही, आणि ताण धरून ठेवण्यात कृत्रिम तारा अजून तिच्यापुढे फिक्या पडतात. दुर्गुण दोन. महाग आहे, आणि दमटपणा तिला सोसत नाही. मुंबईच्या जुलैत तिचे धागे उसवायला लागतात. त्या दिवसांत गट टाकून घेणारा माणूस श्रीमंत तरी असावा किंवा हट्टी तरी.

साधारण क्लब खेळाडू गटिंग करून घेताना, म्हणजे तारा ओढून घेताना, ताण पन्नास-पंचावन्न पौंड सांगतो. सॅम्प्रास सांगायचा ७५ च्या आसपास. हेड लहान म्हणजे तारांची लांबी कमी, आणि लांबी कमी असली की तोच ताण आणखी कडक लागतो. ८५ इंचांच्या तोंडात ७५ पौंड म्हणजे जवळजवळ पाट. तार सैल असेल तर चेंडू तिच्यावर क्षणभर जास्त रेंगाळतो आणि उंच निघतो, त्यामुळे खोल जाऊन पडतो. तार घट्ट असेल तर तो आखूड आणि खालून निघतो. चेंडूच्या वेगात दहा पौंडांनी पडणारा फरक लोक समजतात त्यापेक्षा फार थोडा असतो; बदलते ती मुख्यतः निघण्याची दिशा आणि हाताची खात्री. सॅम्प्रासच्या हातात इतकी ताकद होती की त्याला रॅकेटकडून शक्ती नकोच होती. पूर्ण जोराने हात फिरवला तरी चेंडू रेषेच्या आत पडेल एवढीच हमी हवी होती. ती ७५ पौंडांनी दिली. म्हणून दुसऱ्या सर्व्हिसवरही तो पहिल्यासारखाच हात टाकू शकायचा. तेवढ्या ताणाने दुसऱ्याचा खांदा निखळला असता.

नेट फर्ग्युसन हा त्याचा गटिंग करणारा. तो सॅम्प्रासबरोबर जगभर फिरायचा. आदल्या दिवशी केलेलं गटिंग, रॅकेट वापरली असो वा नसो, दुसऱ्या दिवशी कापून पुन्हा करायचं, असा शिरस्ता होता. बाहेरच्याला हा माज वाटेल. पण कोणतीही तार ओढल्यावर लगेच सैल व्हायला लागते, मशीनवरून उतरल्यापासून पहिल्या दिवसातच बराच ताण जातो. बैठकीला बसायच्या आधी गवई तानपुरा पुन्हा लावतो, काल लावला होता म्हणून आज तसाच घेत नाही. सॅम्प्रासचंही तेच होतं. क्लबातला खेळाडू मात्र तार तुटेपर्यंत वाट बघतो आणि मधल्या आठ महिन्यांत आपला फोरहँड का बिघडला याची कारणं खांद्यात शोधतो.

२ जुलै २००१ ला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर चौथ्या फेरीचा सामना झाला. सॅम्प्रास तिथे सलग ३१ सामने जिंकून आला होता. समोर एकोणीस वर्षांचा रॉजर फेडरर. दोघांच्याही हातात प्रो स्टाफ ८५. दोघेही सर्व्हिस करून नेटकडे धावत होते. पाचव्या सेटमध्ये ७-५ ने फेडरर जिंकला. लोक याला पिढ्या बदलल्याची घटना म्हणतात. प्रो स्टाफच्या बाजूने बघितलं तर ती त्या दिवशी हरूच शकत नव्हती. पण विम्बल्डनच्या कोर्टवर तिचं एवढं एकछत्री राज्य पुन्हा कोणी पाहिलं नाही, कारण तिचा खरा वैरी चार वर्षांपूर्वीच पॅरिसच्या लाल मातीत अवतरला होता.

तो वैरी रॅकेट नव्हता. बेल्जियमची लक्सिलॉन ही कंपनी एकसंध कृत्रिम धागे बनवायची, शस्त्रक्रियेसाठी आणि कपड्यांसाठी. त्यांतलाच पॉलिएस्टरचा एक धागा टेनिसमध्ये आला. १९९७ ची फ्रेंच ओपन जागतिक क्रमवारीत ६६ व्या क्रमांकावर असलेल्या गुस्तावो कुएर्तेनने त्या तारेने जिंकली, आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी निराळं घडलंय. पॉलिएस्टर कडक आणि गुळगुळीत. चेंडूला खालून वर घासत फटका मारला की उभ्या तारा आडव्यांवरून बाजूला घसरतात, आणि चेंडू अजून तारांवर असतानाच झटक्याने जागेवर परततात. परतताना चेंडूला आणखी गिरकी देतात. गट किंवा नायलॉन एकमेकांत रुततात, त्यांना हे इतकं साधत नाही.

या गिरकीने काय केलं ते आकड्यांत बघावं. टेनिसचे अभ्यासक जॉन यांडेल यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी मोजलेल्या फोरहँडच्या गिरक्या मिनिटाला अशा: सॅम्प्रास आणि आगासी साधारण १८०० ते १९००, फेडरर २७००, नदाल ३२००. जास्त गिरकी म्हणजे चेंडू जोरात मारला तरी पलीकडे गेल्यावर खाली बुडतो. ज्या फटक्याला पूर्वी रेषेबाहेर जाण्याची भीती होती तो आता जोर वाढवला तरी आतच पडायला लागला. भीती गेली की माणूस वेगळाच खेळतो. पाय वेळेवर पोचले नाहीत, तोल मागे गेला, तरी मनगट झटकून चेंडू परत. नेटकडे धावणाऱ्याच्या पायाशी बुडवून परत. प्रो स्टाफ ज्या शिस्तीची फी वसूल करायची ती शिस्त एकदम ऐच्छिक झाली.

मग तिनेही पॉलिएस्टर घालून घ्यावं, एवढं काय त्यात? तिथेच तिचं तोंड आड येतं. गिरकी द्यायची तर रॅकेट तिरकी धरून वर घासावी लागते, आणि तिरक्या रॅकेटचं चेंडूसमोरचं तोंड आणखी अरुंद होतं. १०० इंचांत तरीही जागा उरते. ८५ मध्ये चेंडू फ्रेमवर. शिवाय लहान हेडमध्ये ही तार इतकी कडक लागते की कोपराची तक्रार सुरू होते. सॅम्प्रासचे ७५ पौंड गटने सहन केले. पॉलिएस्टर तेवढ्याच ताणाने ओढलं असतं तर फर्ग्युसनऐवजी फिजिओथेरपिस्ट बरोबर न्यावा लागला असता. मोठी रॅकेट आधीच वापरून बघायला हवी होती, असं निवृत्तीनंतर सॅम्प्रासने स्वतः बोलून दाखवलं. फ्रेंच ओपन त्याला कधीच मिळाली नाही. १९९६ ची उपांत्य फेरी हीच मजल. मातीवर खांद्याएवढा उसळणारा चेंडू त्या छोट्या तोंडात पकडणं म्हणजे काय, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच विचारावं.

फेडररने तिला एकदम सोडलं नाही. २००२ मध्ये तो तिच्या ९० इंचांच्या धाकट्या बहिणीकडे गेला आणि तारांत तडजोड काढली: उभ्या गटच्या, आडव्या पॉलिएस्टरच्या. उभी गट मऊपणा आणि शक्ती देते, आडव्या गुळगुळीत पॉलिएस्टरवरून ती छान घसरून परत येते. आयुष्यातला हा त्याचा सर्वात हुशार फटका म्हटला तरी चालेल. त्या जोडणीवर तो दहा-बारा वर्षं राज्य करून गेला. पण नदालचा डावखुरा फोरहँड त्याच्या बॅकहँडकडे उसळून आला की ९० इंचही पुरेनात. चेंडू फ्रेमला लागून प्रेक्षकांत जाताना किती वेळा बघितला! मराठी घरांतूनही त्या वेळी हळहळीचे आवाज निघत; दोष सगळे मनगटाला किंवा मनाला देत, रॅकेटचं नाव कोणी घेत नसे.

२०१३ च्या विम्बल्डनमध्ये तो दुसऱ्याच फेरीत हरला. त्याच उन्हाळ्यात हॅम्बुर्ग आणि श्टाडच्या स्पर्धांत ९८ इंचांची नवी रॅकेट घेऊन उतरला, तिथेही हरला, आणि घाईघाईने ९० कडे परतला. अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत स्पेनच्या रोब्रेदोने त्याला सरळ सेट्समध्ये घालवलं. २०१४ पासून मात्र त्याने मोठं हेड कायमचं धरलं. तेच पुढे ९७ इंचांचं म्हणून बाजारात आलं. त्याच जानेवारीत त्याच्याबरोबर कोच म्हणून कोण आलं? एडबर्ग. प्रो स्टाफचा जुना सोबती शेजारी उभा असताना तिची रजा मंजूर झाली. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना फेडरर त्याच बॅकहँडने, उसळता चेंडू वर येतानाच घेऊन, नदालला सपाट मारत राहिला आणि ६-३ ने सेट घेऊन गेला. तंत्र, धाडस, सहा महिन्यांची विश्रांती, सगळं होतं त्यात. सात इंचही होते.

आज प्रो स्टाफ नाव विकलं जातं, पण ९७ आणि त्याहून मोठ्या अंगावर. मूळ ८५ आता पुण्या-मुंबईच्या क्लबांत एखाद्या साठीच्या गृहस्थांच्या किटमध्ये भेटते. ते सकाळी दुहेरी खेळतात. गट परवडत नाही आणि पावसाळा आहेच, म्हणून अनेक बारीक धाग्यांची मऊ मल्टिफिलामेंट तार, पन्नास पौंडांच्या आसपास. हे मात्र त्यांचं अगदी बरोबर आहे. कोणी तरुण मुलगा हौसेने तीच रॅकेट मिळवून तिच्यात पॉलिएस्टर ओढून आणतो आणि महिन्याभरात कोपराला पट्टा बांधून फिरतो, त्यांचं तसं होत नाही. ते नेटपासून दोन पावलांवर उभे राहतात, चेंडू बेताने पुढे ढकलतात, आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या मधून निघून जातो. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी ते मान वळवण्याचेही कष्ट घेत नाहीत. त्यासाठी मागे जोडीदार आहे, पंचविशीचा, १०० इंचांची घेऊन उभा असलेला. पळायचं काम त्याचं.